तलवारीखालची सायकल

“सायकल मागं घेऊ द्या! दादासाहेब, हात थांबवा! आधी सायकल मागं घेऊ द्या!”

बडोद्याच्या वासण्यातली आमची अख्खी सोसायटी गॅलरीत येईल इतक्या मोठ्यानं मी ओरडत होते. पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली. दोन बिल्डिंगांपलीकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची होती, ती घाबरून आतच राहिली. पण माझ्यापासून दीड हातावर तलवार उगारून उभ्या असलेल्या माणसाला काही ऐकू जात नव्हतं, कारण तो स्वतःच ओरडत होता.

“बाजूला हो, धाकटी! मुहूर्त टळतोय! हातात हत्यार आहे माझ्या!”

हे माझे थोरले दीर. वय बहात्तर. घरात सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. सगळे म्हणजे मी, माझा नवरा आणि माझी जाऊ. आता एवढेच उरलो आहोत, पण दादासाहेब अजून पन्नास माणसं आणि वीस घोडे पदरी असल्यासारखे बोलतात. दोन भावांची दोन टेनामेंटं, म्हणजे जोडघरं, मध्ये एक अंगण. त्या अंगणात खंडेनवमीची पूजा मांडलेली. पाटावर घरातली सगळी हत्यारं, झेंडूच्या माळा, हळदीकुंकू. मधोमध माझी सायकल आणि तिच्या पुढच्या चाकाला अगदी खेटून ठेवलेला, मोठ्या घागरीएवढा कोहळा.

तलवार खाली आली. कोहळ्यावर बसली, पण आत गेली नाही. सालावरून घसरली, उजवीकडे वळली आणि पुढच्या चाकाच्या आसाजवळ जाऊन थांबली. आवाज अगदी बारीक झाला. कच्च. काकडीची चकती पडावी तसा.

तीन आठवडे रात्रंदिवस सायकलच्या मोटरच्या ज्या वायरीची मी लेकरासारखी काळजी घेतली होती, तिचे दोन तुकडे झाले.

“करंट! करंट!” म्हणत दादासाहेबांनी तलवार टाकली आणि बहात्तराव्या वर्षी तुळशीवृंदावनापर्यंत उडी मारली. करंट कुठला यायला? बॅटरी बंद होती आणि तिची किल्ली माझ्या कमरेला होती. मी होते म्हणून वाचले. त्या क्षणी मला त्याचं थोडं वाईटच वाटलं.

आणि माझा नवरा हसला. जोरात नाही. नाकातून, फुस्स. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पुष्कळ माफ केलंय, त्या फुस्सला अजून केलेलं नाही.

तुळशीपाशी धोतर सावरत दादासाहेब म्हणाले, “देवानं मान घेतला. नव्या वाहनाचा मान असतो ने.”

“देवाला वायरीचा मान हवा असतो?” मी म्हणाले. पुढे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की जाऊबाईंनी कानांवर हात ठेवले, आणि समोरच्या घरातल्या गुजराती बेन गॅलरीतून आत गेल्या आणि नीट ऐकू यावं म्हणून खिडकी उघडून उभ्या राहिल्या.

त्या तलवारीबद्दल सांगायला हवं. माझ्या सासरचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. दादासाहेबांच्या तोंडून दर खंडेनवमीला ते मागच्या वर्षीपेक्षा चार शत्रू जास्त मारतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सात होते. आता एका छोट्या गावाची लोकसंख्या होईल. जाऊबाईंनी मला पहिल्याच वर्षी हळूच सांगितलं होतं की पणजोबा घोड्यांना चंदी घालायचे, आणि तलवार होती ती सणाला मिरवणुकीत लटकवायला. म्हणजे शंभर वर्षांत त्या तलवारीनं कोहळ्यांशिवाय काही कापलेलं नव्हतं. पहिल्यांदा खरं काही कापलं तर माझी वायर.

आता माझी सायकल.

फतेगंजला एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं लॅब असिस्टंट आहे. पोरांनी जाळलेले मीटर दुरुस्त करणं, तुटलेल्या वायरी डाखणीनं डाखणं, म्हणजे सोल्डर करणं, आणि पोरं यायच्या आधी कुलूप उघडून टेबलं मांडून ठेवणं, हे माझं काम. एकतीस वर्षं, आधी माहेरून आणि मग वासण्याहून, फतेगंजला मी या एकाच काळ्या लेडीज सायकलवर जाते. स्कूटर शिकून पाहिली. तीन वेळा शिकले आणि तिन्ही वेळा एकाच पानाच्या गल्ल्यात, म्हणजे टपरीत, घातली. तिसऱ्या वेळी तो गल्लेवाला मला लांबून पाहूनच काचेच्या बरण्या खाली उतरवायला लागला. म्हणून सायकलच. या सायकलवरून मी मोर्चे ओलांडले, लग्नाचे वरघोडे ओलांडले, नवरात्रात गरब्याच्या गर्दीतून घागऱ्यांच्या लाटा फोडत गेले. एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी चढलं होतं तेव्हा रस्त्यावर मगर आडवी पडली होती. मी घंटी वाजवली. तिनं साइड दिली. रिक्षावाले देत नाहीत.

या श्रावणात माझ्या उजव्या गुडघ्यानं मात्र साथ सोडली. अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या त्या बोगद्यातून, वर चढताना गुडघ्यात कटकन आवाज झाला आणि मी फुटपाथवर बसले. एका रिक्षावाल्यानं मला आत आणि सायकलला टपावर घालून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण चढावर जोर लावायचा नाही. मी म्हटलं, बोगदा सपाट करून द्या.

घरात सभा भरली. आमच्या घरात सभा म्हणजे दोन भाऊ खुर्चीवर, आम्ही दोघी दारात. ठराव असा झाला की सायकल भंगारात द्यायची आणि मला माझ्या नवऱ्यानं रोज स्कूटरवर सोडायचं. माझा गुडघा, माझी नोकरी, माझी सायकल, आणि सभेत मला विचारलेला एकमेव प्रश्न होता, “चहा होतोय ने?”

नवऱ्याबद्दल खोटं बोलणार नाही. माणूस चांगला आहे. वाघोडियाच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत, पस्तीस वर्षं शिफ्टला एक मिनिट उशीर केला नाही असं सांगतात. बहुतेक सगळा उशीर त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवला होता. सकाळी मी दारात पर्स घेऊन उभी; हे वर्तमानपत्रातली निधनवार्ता वाचतायत. मग बूट शोधणं. मग स्कूटर पुसणं, जणू तिचं लग्न आहे. मी लॅबला पोचायचे तेव्हा अर्धा वर्ग पायरीवर बसून मोबाइल बघत असायचा. आणि संध्याकाळी मी कॉलेजच्या फाटकाशी उभी. अर्धा तास. पाऊण तास. मग हे यायचे, मिशीला शेव लागलेली.

“ट्रॅफिक होतं,” हे म्हणायचे.

“ट्रॅफिकमध्ये सेव-उसळ वाटतात का?”

फाटकाचा वॉचमन मला खुर्ची द्यायला लागला. एक दिवस त्यानं चहा दिला. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, “मासी, तमे अहीं ज रही जाओ ने.” इथंच राहून जा म्हणे. एकतीस वर्षं स्वतःच्या घंटीवर, स्वतःच्या वेळेवर गेलेली बाई, आणि आता कुरियरच्या पार्सलसारखी फाटकाशी पडून राहायची, कुणी घ्यायला येईपर्यंत. त्या वॉचमनच्या खुर्चीत बसून मी ठरवलं. सायकल जाणार नाही आणि मीही तिच्याशिवाय कुठं जाणार नाही. तिला मोटर बसवायची, आणि ती मी बसवायची.

किट मागवलं. पुढच्या चाकासकट येतं ते; चाकाच्या मध्यभागी मोटर, भाकरीच्या तव्याएवढी. सोबत बॅटरी, मोटरला वीज कमी-जास्त देणारा एक डबा, हातात फिरवायची मूठ, आणि एक कागद, त्यावर असल्या भाषेत सूचना की ज्यानं लिहिल्या त्यानंच वाचाव्यात. खोका आला तो नेमका पितृपक्षात.

दादासाहेबांनी खोक्याभोवती एक फेरी मारली. “पंधरवडा चालू आहे. नवी वस्तू उघडायची नाही.”

“बरं,” मी म्हणाले.

पंधरा दिवस खोका दिवाणखान्यात होता. वरचं सील जसंच्या तसं. दादासाहेब रोज येता-जाता सील बघायचे आणि खूश व्हायचे. मी खोका खालून उघडला होता. घटस्थापनेला त्यांच्यासमोर जेव्हा सील तोडलं तेव्हा आत अर्धा किलो जुनी वर्तमानपत्रं आणि एक फुटका फ्लॉवरपॉट होता, आणि सायकलचं पुढचं चाक मागच्या खोलीत केव्हाच बसून तयार होतं. दादासाहेब फ्लॉवरपॉटकडे बघत राहिले.

बसवणं म्हणजे काय ते कागदावर लिहिलेलं नसतं. या मोटरचा आस जाड असतो, आपल्या सायकलच्या चिमट्याची खाच बारीक. खाच कानशीनं घासून रुंद करावी लागते, दोन्ही बाजूंना सारखी, केसभरही जास्त नाही. जास्त झाली तर आस आत फिरतो आणि रस्त्यात चाक निखळून तुमच्या आधी फतेगंजला पोचतं. चार दिवस घासत होते. इतका कीस पडला की त्यात दुसरी सायकल झाली असती. मग आसावर खोबणीची वॉशर, मग नट, मग आसातून बाहेर येणारी ती वायर. जाड काळी वायर, तिच्या पोटात आठ रंगीत वायरी: तीन जाड, पाच बारीक. जाड वायरी मोटरला ताकद देतात, बारीक वायरी चाक कुठवर फिरलंय ते कळवतात. एक जरी इकडची तिकडे झाली की मोटर आंधळी. ती वायर मी खाली वळवून, वळसा देऊन, पावसाचं पाणी आत जाणार नाही अशी बांधली होती. प्रयोगशाळेत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी डाखण लावलं, पहिल्यांदा स्वतःसाठी.

तरीही सभा भरलीच. दादासाहेब म्हणाले, “खंडेनवमीला पूजा झाल्याशिवाय ही रस्त्यावर निघणार नाही. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फतेगंजला जाऊन परत ये. ढकलायची नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. बंद पडली तर तिथूनच भंगारवाल्याकडे, आणि तू मुकाट्यानं स्कूटरवर.”

“आणि नाही पडली तर?”

या प्रश्नावर दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. ती शक्यता त्यांनी धरलीच नव्हती.

“तर बघू,” नवरा म्हणाला.

मी मान्य केलं. मला माझ्या डाखणावर भरवसा होता. तलवारीचा विचार मी केला नव्हता.

तर आता परत अंगणात या. वायर तुटलेली, कोहळा शाबूत, नवमीची सकाळ. परवा एकादशी, परवा फतेगंज. मी पाटाकडे वळले, माझी डाखणी, पकड, कानस उचलायला. आणि दादासाहेब पुन्हा आडवे.

“अंहं. पूजेतली हत्यारं आज उचलायची नाहीत. उद्या दसऱ्याला.”

हे खरं आहे. आमच्यात खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती असते. कुंकू लागलं की ती देवाची, दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. मी लग्न झाल्यापासून पाळत आले होते. पण माझी डाखणी झेंडूखाली निजलेली आणि माझी वायर तुटलेली बघून माझं डोकं असं तापलं की त्यावर पोळी फुगली असती.

“मग तुम्ही तलवार उचललीत ती?”

“ती पूजाच आहे.”

“म्हणजे तोडायला पूजा चालते आणि जोडायला चालत नाही?”

“धाकटी, वाद घालू नकोस. सणाचा दिवस आहे.”

नवऱ्याकडे बघितलं. ते कोहळा उचलून बघत होते, कुठे चिरला का म्हणून. जाऊबाई एकट्याच माझ्या बाजूनं बोलल्या, पण त्याही डोळ्यांनी.

मी वाद घातला नाही. आत गेले आणि घरातलं काय काय पाटावर ठेवलं नव्हतं ते शोधलं. सुऱ्या ठेवल्या होत्या. विळी ठेवली होती. कात्री, अडकित्ता, अगदी मिक्सरचं पातं. नेलकटरला मात्र कुणी कुंकू लावलं नव्हतं! दिवसभर मी अंगणात सायकलपाशी मांडी घालून नेलकटरनं वायरीची सालं काढली. आठ वायरी, दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा टोकं. दादासाहेब ओट्यावर बसून बघत होते. शास्त्रात नेलकटर कुठे आहे?

“काय करतेस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नखं कापतेय,” मी म्हणाले. “सोळा झाली आहेत.”

पण खरं संकट सोलल्यावर कळलं. दादासाहेबांनी सकाळी वायर तोडायच्या आधी सायकलला हळदीकुंकू वाहिलं होतं ते काही चिमूटभर नाही. मुठीनं, वर तांब्याभर पाणी. तुटलेल्या वायरीच्या पोटात ते सगळं ओघळून गेलं होतं. आणि निळ्या वायरीवर हळद बसली की ती हिरवी दिसते. आता माझ्याकडे हिरव्या चार झाल्या होत्या, पिवळ्या चार, आणि निळी एकही नाही. मी साबणाच्या फडक्यानं पुसल्या. हळदीला साबण लागला की काय होतं ते प्रत्येक बाईला साडीच्या पदरावरून माहीत असतं. मला रागाच्या भरात आठवलं नाही. सगळ्या लाल झाल्या.

मी तिथंच मोठ्यानं हसले. तो आनंद नव्हता. जाऊबाई धावत पाणी घेऊन आल्या.

दसऱ्याच्या सकाळी अख्खं बडोदं फाफडा-जिलेबीच्या रांगेत होतं. आमच्या नाक्यावरची रांग इतकी लांब की तिचं शेपूट वाघोडियात असेल. दोघे भाऊ रांगेत. मी सूर्य उगवायच्या क्षणी पाटावरून डाखणी उचलली, तिला नमस्कार केला, “झोप झाली ना बाई, आता ऊठ,” म्हटलं आणि कामाला बसले. आसापासून दोनच बोटं वायर उरली होती. डाखणीचं टोक तिथं पोचवायचं म्हणजे कान कोरताना कानात झुंबर टांगण्यासारखं. अंदाजानं रंग लावले, आठही डाखल्या, चिकटपट्टी गुंडाळली, चाक उचलून किल्ली फिरवली.

मोटर गुरगुरली. फिरली नाही. दात दुखणाऱ्या वाघासारखी जागच्या जागी थरथरली आणि तिच्याबरोबर सायकल, सायकलबरोबर पाट, पाटाबरोबर तलवार.

दोघे भाऊ नेमके तेव्हा फाटकातून आत आले, हातात जिलेबीच्या पुड्या.

“झालं,” दादासाहेब म्हणाले. फक्त एवढंच, पण त्यात समाधान असं होतं की जिलेबीला साखर कमी पडली असती.

“अगं, राहू दे आता,” नवरा म्हणाला. “किती त्रास करून घेतेस? मी सोडतो ने तुला.”

“तुमच्या सेव-उसळीनंतर की आधी?”

“चिडतेस कशाला?”

“कशाला म्हणजे? काल चिडले नव्हते, म्हणून आज शिल्लक आहे!” खोटं होतं, काल चिडलेच होते. पण आता ते बाहेर यायला लागलं. “वायर कुणी तोडली? तुमच्या भावानं. हळद कुणी ओतली? तुमच्या भावानं. हत्यार उचलू नको कुणी म्हटलं? आणि तुम्ही काय केलंत? फुस्स केलंत! एक माणूस म्हणाला नाही, चूक झाली. कोहळा चाकाला खेटून कुणी ठेवला? अंगण काय कमी पडलं होतं? तलवार चालवायला येत नसेल तर सुरीनं कापायचा! एकतीस वर्षं मी कुणाला सोडा म्हटलं? कुणाला आणायला या म्हटलं? माझा पाय दुखतो तर मी त्यावर इलाज करते, तुम्ही त्यावर सभा भरवता!”

जिलेबी खाली ठेवायचं धैर्य कुणाला झालं नाही. दोघे पुड्या धरून उभे. समोरच्या बेनच्या खिडकीत आता त्यांची सूनही आली होती.

दादासाहेब घसा खाकरून म्हणाले, “जिलेबी निवेल.”

मी त्यांच्याकडे पाठ केली. पट्टी सोडली. या वेळी पुसायच्या भानगडीत पडले नाही. नेलकटरच्या टोकानं प्रत्येक वायरीचं वरचं रंगलेलं साल खरवडलं, आतला खरा रंग दिसेपर्यंत. तेव्हा सापडलं. जिला मी हिरवी समजले होते ती निळी, आणि निळी समजलेली हिरवी. दोघींना पुन्हा आपापल्या घरी पाठवलं. किल्ली फिरवली. चाक असं सुटलं की वाऱ्यानं झेंडूच्या पाकळ्या ओट्यापर्यंत उडाल्या. एक दादासाहेबांच्या जिलेबीवर बसली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि जिलेबी खाल्ली.

एकादशीच्या सकाळी मी निघाले. मूठ हळू फिरवली, आणि सायकल जशी मला ओळखतच नाही अशी पुढे झेपावली. वासणा रोडवर पहिल्या सिग्नलला मागे सहज पाहिलं. चार गाड्या सोडून एक स्कूटर. पुढे माझा नवरा, मागे दादासाहेब, आणि दादासाहेबांच्या मांडीवर दोरीचं भेंडोळं.

दोरी! मला ओढून आणायला दोरी घेऊन निघाले होते. रागानं माझे कान इतके गरम झाले की त्यावर डाखण वितळलं असतं. एवढ्या लवकर त्या दोघांना उठवणं मला अठ्ठावीस वर्षांत जमलं नव्हतं, आणि मी पडणार या आशेनं ते आंघोळ करून तयार! बूटसुद्धा सापडले होते.

गरनाळं आलं. खाली उतरताना काळजी होती ती गुडघ्याची नाही, त्या दोन बोटं वायरीची. बोगद्यात अंधार, हॉर्न, वर गाडी जात होती. मग चढ. जिथं श्रावणात बसले होते तो फुटपाथ दिसला. मूठ फिरवली. गुडघ्यानं वाट पाहिली, दुखायची. दुखायचं कामच पडलं नाही. मोटर गुणगुणली आणि मी वर. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली.

“ए काकी! आ सायकल छे के रॉकेट?”

“सायकल ज छे, भाई,” मी म्हणाले. “तलवारथी कापेली छे.”

त्याला काय कळलं कोण जाणे. मागे वळून पाहिलं तर दोन धिप्पाड माणसांना ओढून दमलेली स्कूटर निम्म्या चढावर कण्हत होती आणि दादासाहेब उतरून चालत होते, खांद्यावर दोरी. तिथून पुढे ते मला दिसले नाहीत.

लॅबचं कुलूप वेळेवर उघडलं. फाटकाच्या वॉचमननं खुर्ची पुढे केली. मी त्याला सांगितलं, आत ठेव, तुझा तू बस.

संध्याकाळी परत आले. न थांबता, न ढकलता. अंगणात झेंडू सुकलेला, कोहळा तसाच. दादासाहेब ओट्यावर तलवारीला तेल लावत होते; एकादशीला ती पुसून पुन्हा वर्षभरासाठी कपाटात जाते. नवरा बाजूला बसून दोरी गुंडाळत होता, अगदी सावकाश, जणू ती आजच विकत आणलीय. जाऊबाई दारात. भंगाराचा विषय कुणी काढला नाही, स्कूटरचाही नाही. मी सायकल त्यांच्यासमोर, बरोबर नवमीला होती तिथंच, उभी केली. वायरीवरची पट्टी दिसेल अशी.

“गेले आणि आले,” मी म्हणाले. “आता उद्यापासून रोज जाणार. पण त्याआधी मला एक ऐकायचंय, दादासाहेब. वायर तुम्ही तोडलीत. बोला काहीतरी.”

दादासाहेबांनी तलवार उजेडात धरली. पात्यावरून अंगठा फिरवला. वायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कोहळ्याकडे. फडकं घडी केलं.

“कोहळा जून होता,” ते म्हणाले.